मुंबई बेटाचा खंडकरी वैद्य

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

युरोपात विज्ञानाचा आणि बुद्धिवादाचा उदय कसा झाला, हे आपण शाळेत शिकलो ते नावांच्या एका ठरावीक माळेतून. कोपर्निकस, व्हेसेलियस, गॅलिलिओ, बेकन, न्यूटन. ही सगळी नावे पोलंड, इटली आणि इंग्लंड एवढ्या टापूत बसतात. आपला या गोष्टीशी संबंध येतो तो फार उशिरा, एल्फिन्स्टन कॉलेज आणि बाळशास्त्री जांभेकर यांच्या काळात. पंगत उठल्यावर पोहोचलेल्या पाहुण्यासारखे आपण तिथे उभे असतो.

आज ज्या माणसाविषयी बोलायचे आहे, तो या माळेत सहसा ओवला जात नाही. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता. जन्माने पोर्तुगीज, पेशाने वैद्य. त्याने जे काही केले ते गोवा, अहमदनगर आणि वसई या पट्ट्यात केले. आणि आपल्या दृष्टीने गमतीची गोष्ट म्हणजे मुंबई बेट त्याच्याकडे खंडाने होते. दरसाल पोर्तुगालच्या राजाच्या तिजोरीत ठरलेला खंड भरायचा आणि बेटाचे उत्पन्न आपण घ्यायचे, असा तो व्यवहार. आज दक्षिण मुंबईत टाउन हॉलच्या मागे जो नौदलाचा भाग आहे, तिथे त्याचा बागेने वेढलेला वाडा होता असे मानतात. पुढे शंभर वर्षांनी, १८ फेब्रुवारी १६६५ रोजी, पोर्तुगीजांनी मुंबई बेट इंग्रजांच्या हवाली केले, तो दस्त दोना इग्नेझ द मिरांडा या बाईंच्या वाड्यात झाला. ते घर म्हणजे हाच वाडा, असे सांगतात.

ओर्ताचा काळ समजून घ्यायचा तर आधी त्या वेळचे युरोपातले वैद्यक कसे होते ते पाहायला हवे. दुसऱ्या शतकातला गेलन हा ग्रीक वैद्य, त्याच्याही आधीचा डायोस्कोरिडीस, आणि अकराव्या शतकातला बुखाऱ्याकडचा इब्न सिना, ज्याला युरोप ॲव्हिसेना म्हणे. या तिघांच्या ग्रंथांवर विद्यापीठे चालत. प्राध्यापक उंच आसनावर बसून ग्रंथ वाचणार आणि विद्यार्थी टिपून घेणार. रोग्याचे लक्षण आणि ग्रंथातले वाक्य जुळले नाही, तर चूक रोग्याची! बाबावाक्यं प्रमाणम् ही काही फक्त आपलीच मिरास नव्हे.

त्यात औषधांची एक वेगळीच अडचण होती. मिरी, दालचिनी, लवंग, हिंग, कापूर, कोरफडीचा बोळ, ही युरोपातल्या औषधविक्याच्या दुकानातली अर्धी बरणी हिंदुस्थानातून किंवा त्याच्याही पलीकडून येई. माल यायचा अरब व्यापाऱ्यांच्या हातून, चार बंदरे फिरून. मिरीचा वेल किंवा दालचिनीचे झाड पाहिलेला माणूस सालामान्काच्या विद्यापीठात शोधून सापडला नसता. त्यामुळे झाड कसे, फळ कसे, ते कुठे उगवते, याविषयी जे काही ठाऊक होते ते दीड हजार वर्षांपूर्वीच्या ऐकीव गोष्टींवरून. हेरोडोटसने लिहून ठेवले होते की, दालचिनीच्या काड्या मोठमोठे पक्षी आपल्या घरट्यांसाठी आणतात आणि अरब लोक युक्तीने ती घरटी पाडून काड्या गोळा करतात. व्यापाऱ्यांना अशा गोष्टी आवडत असणारच. मालाचा भाव चढा राहतो.

गार्सियाचा जन्म १५०० च्या सुमाराचा, पोर्तुगालच्या सरहद्दीवरच्या कास्तेलो द व्हिदे या गावातला. आईवडील ज्यू. १४९२ मध्ये स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर काढले, तेव्हा हजारो कुटुंबे सरहद्द ओलांडून पोर्तुगालमध्ये आली, त्यांतलेच हे एक. पाच वर्षांनी पोर्तुगालमध्येही सर्व ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. अशा लोकांना ‘नवे ख्रिस्ती’ म्हणत आणि त्यांच्यावर जन्मभर संशयाची नजर असे. शनिवारी स्वच्छ कपडे घातले, डुकराचे मांस नको म्हटले, तरी शेजाऱ्याचे डोळे बारीक व्हायचे. गार्सिया अशा घरात वाढला. सालामान्का आणि अल्काला या स्पॅनिश विद्यापीठांत शिकला, परत येऊन वैद्यकी केली आणि १५३० पासून लिस्बनच्या विद्यापीठात शिकवू लागला. मार्च १५३४ मध्ये मार्तिम अफोन्सो द सोझा या सरदाराच्या आरमाराबरोबर त्याचा वैद्य म्हणून तो हिंदुस्थानाकडे निघाला आणि सप्टेंबरात गोव्याला पोहोचला. दोनच वर्षांनी, १५३६ मध्ये, पोर्तुगालमध्ये धर्मन्यायालय, म्हणजे इन्क्विझिशन, स्थापन झाले. तो का निघाला याचे उत्तर त्याने कुठे लिहिलेले नाही, पण ते शोधायला फार लांब जावे लागत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने वसई आणि तिच्या ताब्यातली बेटे पोर्तुगीजांना दिली. त्यात मुंबई होती आणि साष्टीही होती. साष्टी म्हणजे आजचे आपले वांद्रे ते दहिसर आणि कुर्ला ते मुलुंड. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर ही गावे पुढची दोनशे वर्षे, १७३९ पर्यंत, पोर्तुगीज अमलाखाली राहिली ती या तहामुळे. ओर्ता या मोहिमांत सोबत होता. साष्टीच्या डोंगरात कोरलेल्या लेण्यांविषयी त्याने लिहिले आहे. घारापुरीचे लेणेही त्याने १५३४ मध्येच पाहिले होते. तेव्हा ते पाहण्याजोगे होते, पुढे आत गुरे शिरून त्याची नासधूस झाली, अशी हळहळ त्याने व्यक्त केली आहे. युद्धावर आलेला माणूस लेणी पाहायला जातो आणि गुरांनी केलेल्या नासाडीची नोंद ठेवतो, यावरून त्याच्या स्वभावाचा अंदाज येतो.

सोझा परत गेला, ओर्ता मागे राहिला. गोव्यात त्याने वैद्यकी थाटली. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय त्याचे रोगी होते. त्याचे जहाज होते, व्यापार होता, बाग होती. पण त्याची खरी शाळा अहमदनगरला भरली. तिथला सुलतान बुऱ्हाण निजामशहा त्याचा रोगी आणि स्नेही होता. दरबारात अरब आणि इराणी हकीम होते, इब्न सिनाचा ग्रंथ मूळ अरबीतून वाचणारे. ओर्ता सांगतो की, आपण निजामशहाला रोगांची आणि औषधांची लॅटिन नावे शिकवली आणि त्याने आपल्याला अरबी नावे शिकवली. नगरच्या दरबारात चाललेली ही शिकवणी सालामान्कातल्या कुठल्याही वर्गापेक्षा मोलाची होती, असे मला वाटते. कारण एकाच वस्तूची चार भाषांतली नावे समोरासमोर ठेवली, की ग्रंथांतले निम्मे घोटाळे आपोआप उघडे पडतात. नकलकाराने एका अक्षराची चूक केली आणि दोन झाडांचे एक झाड झाले, असे किती तरी वेळा घडले होते.

अशी सुमारे तीस वर्षे गेली. १० एप्रिल १५६३ रोजी गोव्यात त्याचे पुस्तक छापून झाले. हिंदुस्थानात छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षे झाली होती. पुस्तकाचे नाव लांबलचक आहे. त्याचा मथितार्थ, हिंदुस्थानातल्या वनस्पती आणि औषधी द्रव्यांविषयीचे संवाद. छपाई गचाळ, शुद्धिपत्र लांबच लांब. पण हे पुस्तक लॅटिनमध्ये नाही, लोकांच्या पोर्तुगीज भाषेत आहे. पुस्तकाच्या सुरुवातीला लुइश द कामोंइश या त्या वेळी गोव्यात असलेल्या कवीची एक कविता आहे. हाच पुढे पोर्तुगालचा महाकवी झाला. त्याची ही पहिली छापील कविता मानली जाते. मुखपृष्ठावर व्हाइसरॉयबरोबर इन्क्विझिशनच्या अधिकाऱ्याचेही नाव आहे: त्याने हे पुस्तक तपासले आहे, अशी नोंद. ही नोंद लक्षात ठेवा.

पुस्तकात दोन माणसे बोलतात. एक स्वतः ओर्ता. दुसरा डॉक्टर रुआनो, स्पेनमध्ये त्याच्याबरोबर शिकलेला, नुकताच गोव्याला उतरलेला. हा रुआनो काल्पनिक आहे. त्याला सगळे ग्रंथ तोंडपाठ आहेत. ओर्ताने काहीही सांगितले की तो लगेच विचारतो, पण गेलन तर असे म्हणतो, प्लिनी तर तसे म्हणतो, त्याचे काय? मग ओर्ता आपल्या मोलकरणीला, अंतोनियाला, हाक मारतो आणि ते फळ किंवा ती फांदी आणायला सांगतो. वादाचा निकाल ग्रंथावर लागत नाही, अंतोनियाने आणलेल्या फांदीवर लागतो. मला तर वाटते, रुआनो म्हणजे सालामान्कातला तरुण गार्सियाच आहे. तीस वर्षांत आपण काय शिकलो हे सांगण्यासाठी त्याने आपलेच दोन तुकडे करून समोरासमोर बसवले.

एका ठिकाणी ओर्ता म्हणतो की, स्पेनमध्ये असतो तर गेलन आणि ग्रीकांच्या विरुद्ध बोलायचे धाडस मला झाले नसते. दुसऱ्या ठिकाणी त्याचा दावा आहे की, रोमनांकडून शंभर वर्षांत जे कळले नाही ते आता पोर्तुगीजांमुळे एका दिवसात कळते. यात थोडा पोर्तुगीज ताठा आहे, पण मुद्दा खरा आहे. माणूस जागा बदलतो तेव्हा ग्रंथाचा धाक कमी होतो. शेकडो कोस दूर, समोर प्रत्यक्ष झाड उभे असताना, ते झाड ग्रंथात नाही म्हणून नाकारणे कठीण जाते.

आता काही उदाहरणे. ओर्ताने हिऱ्याविषयी लिहिले आहे. हिरा कशानेच फुटत नाही, फक्त बोकडाच्या रक्तात भिजवल्यावर फुटतो, अशी युरोपात पक्की समजूत होती. हिरा जवळ ठेवला की लोहचुंबक लोखंड ओढत नाही, असेही म्हणत. आणि हिरा म्हणजे जालीम विष. ओर्ता सांगतो, हिरा हातोड्याने सहज फुटतो, रक्ताची काही गरज नाही. चुंबकाची गोष्ट त्याने स्वतः करून पाहिली आणि ती खोटी निघाली. विषाचे म्हणाल, तर खाणीवरचे गुलाम हिरे चोरताना गिळतात, दुसऱ्या दिवशी ते बाहेर पडतात, माणसाला काही होत नाही. यातले पहिले निरीक्षण, दुसरा प्रयोग आणि तिसरे रोजच्या व्यवहारातून काढलेले अनुमान. पुढे साठ वर्षांनी फ्रान्सिस बेकनने ज्या पद्धतीचा गाजावाजा केला, ती इथे एका वैद्याच्या गप्पांमध्ये कुठलेही नाव न घेता वावरते आहे.

दालचिनीची गोष्ट त्याने अशीच निकालात काढली. पक्षी नाहीत, घरटी नाहीत. ही झाडाची साल आहे, चांगली येते ती सिंहलद्वीपातून. लाख ही डिंकासारखी झाडातून पाझरत नाही, पंख असलेल्या मुंग्यांसारखे कीटक ती करतात, हेही त्याने विचारून विचारून काढले. मिरी आणि पिंपळी ही एकाच झाडाची कच्ची-पक्की रूपे आहेत असे डायोस्कोरिडीसपासून चालत आले होते; या दोन वेगळ्या वनस्पती आहेत हे त्याने ठणकावून सांगितले. पण तिथेच पुढे काळी मिरी आणि पांढरी मिरी यांचे वेलही वेगळे असतात असे तो म्हणतो, आणि ते चूक आहे. पांढरी मिरी म्हणजे त्याच फळाचे वरचे साल काढलेले बी. म्हणजे तोही कधीकधी ऐकीव गोष्टींवर विसंबला. बेझोअर, म्हणजे बोकडाच्या पोटात सापडणारा खडा, यावर त्याचा भलताच विश्वास होता. सर्व विषांवर तो उतारा आहे असे त्याला वाटे. विज्ञानाचा उदय म्हणजे एका सकाळी लोकांनी अंधश्रद्धेची चादर फेकली आणि उठून बसले, असे कधी झालेले नाही. एकाच माणसाच्या एकाच पुस्तकात चुंबकाचा प्रयोग आणि बेझोअरचा खडा शेजारी शेजारी असतात.

हिंगाविषयी त्याने जे लिहिले आहे ते आपल्या लोकांनी वाचावे असे आहे. सगळ्या हिंदुस्थानात सर्वांत जास्त वापरली जाणारी वस्तू कोणती, तर हिंग, असे तो म्हणतो, आणि आपल्याला मात्र तिचा वास सर्वांत घाण वाटतो हेही मोकळेपणाने सांगतो. त्याने एक किस्सा दिला आहे. विजयनगरात एका पोर्तुगीजाचा उमदा घोडा पोटातल्या वाताने बेजार होता, म्हणून राजा तो घेईना. पोर्तुगीजाने त्याला पिठात हिंग कालवून चारला, घोडा खडखडीत बरा झाला आणि राजाने विकत घेतला. कशाने बरा केलास, असे राजाने विचारल्यावर त्याने हिंगाचे नाव सांगितले. राजा म्हणाला, मग यात नवल काय, तू त्याला देवांचे अन्न दिलेस. पोर्तुगीज ओठांतल्या ओठांत पुटपुटला, देवांचे कसले, सैतानाचे! भांगेच्या प्रकरणातही असाच एक किस्सा आहे. रात्री पोर्तुगाल, तुर्कस्तान, अरबस्तान असे कुठेही जावेसे वाटले तर मी थोडी भांग घेतो, असे बहादूरशहाने मार्तिम अफोन्सोला सांगितले होते म्हणे. आणि आंबा! आंब्याच्या संवादात दोघे बोलत बसलेले असताना मुंबईहून जहाज येते आणि बेटावरचा त्याचा कूळ-कारभारी सिमाँव तोस्कानो आंब्यांची करंडी घेऊन हजर होतो. मुंबईतल्या आपल्या एका झाडाला वर्षातून दोनदा बहर येतो, एकदा मे महिन्यात आणि पुन्हा वर्षाच्या अखेरीला, असे ओर्ता अभिमानाने सांगतो. छापील पुस्तकात मुंबईच्या आंब्याची ही बहुधा पहिली जाहिरात.

वैद्यकाच्या इतिहासात मात्र त्याचे नाव टिकून राहिले ते दुसऱ्या एका प्रकरणामुळे. बोलता बोलता एका रोग्याचे बोलावणे येते आणि ओर्ता रुआनोला सोबत घेऊन जातो. रोग्याची नाडी जवळजवळ लागत नाही, अंग थंड पडले आहे, घाम फुटला आहे, पायांत गोळे येतात, तहान शमत नाही, उलट्या-जुलाब चालू आहेत. ही महामारीची, म्हणजे कॉलऱ्याची, युरोपीय वैद्याने प्रत्यक्ष पाहून छापलेली पहिली तपशीलवार नोंद मानली जाते. वीस वर्षांपूर्वी, १५४३ मध्ये, गोव्यात याच रोगाने कहर केला होता. गास्पार कोरैया या बखरकाराने त्याचे वर्णन केले आहे. तेच १५४३ साल, ज्या साली कोपर्निकसचा आणि व्हेसेलियसचा, असे दोन्ही ग्रंथ युरोपात छापले गेले.

या रोगाला इथले लोक काय म्हणतात, तेही ओर्ताने लिहिले आहे. ‘मोर्शी’. आपली मोडशी! खाल्लेले मोडले, पोटात मोडशी झाली, असे आजही जुन्या बायका म्हणतात. पोर्तुगीजांनी त्याचे ‘मोर्देशीं’ केले आणि पुढे फ्रेंचांनी तर त्या शब्दात कुत्रा शोधून ‘मॉर-द-श्यां’, म्हणजे कुत्र्याचे मरण, असा अर्थ लावला. आपल्या घरातल्या एका शब्दाने एवढा प्रवास केला. उपचारांच्या बाबतीत ओर्ता दोन्ही बाजू मांडतो. इथले वैद्य मिरी-जिरे घातलेली भाताची पेज देतात, तळपायांना डाग देतात, हे त्याने नोंदवले आहे. पाण्याअभावी सुकून चाललेल्या माणसाला पेज, यातले शहाणपण आज जलसंजीवनीच्या काळात आपल्याला कळते. त्याला ते पूर्ण कळले होते असे नाही. पण त्याने ते हसण्यावारी नेले नाही. आधी आपले औषध करून पाहावे, गुण आला नाही तर इथल्या वैद्यांचे घ्यावे, असा त्याचा रिवाज होता.

तेव्हा तो आपल्या वैद्यांचा भक्त होता असे मात्र समजू नये. यकृत कुठे असते आणि प्लीहा कुठे असते हे यांना ठाऊक नाही, हे लोक केवळ अनुभवावर आणि वहिवाटीवर चालतात, असे त्याने स्पष्ट लिहिले आहे. झोंबणारे असले तरी त्या काळापुरते ते फारसे चुकीचे नव्हते. शवविच्छेदनाची सुश्रुताची परंपरा केव्हाच मागे पडली होती. उलट अरबांची बाजू तो घेतो. त्या काळी युरोपातल्या नव्या विद्वानांना असे वाटत होते की, मूळ ग्रीक ग्रंथ शुद्ध होते, अरबांनी ते बिघडवले. तेव्हा अरबांना वगळून थेट ग्रीकांकडे जावे. रुआनो याच पंथाचा. ओर्ता म्हणतो, छे, मिरी-हिंगाच्या बाबतीत अरब जास्त बरोबर आहेत, कारण ते या मुलखाच्या जवळ राहत होते. कोण थोर, हा प्रश्न नाही. कोणी जवळून पाहिले, हा प्रश्न आहे. मला त्याच्या पुस्तकातली सर्वांत आधुनिक गोष्ट कोणती वाटत असेल तर ही.

आणि आपण? आपल्याकडचे वैद्य झापड लावून बसले होते का? तसेही नाही. त्याच सोळाव्या शतकातल्या भावमिश्राने आपल्या ‘भावप्रकाश’ या ग्रंथात फिरंगरोग हा नवा रोग नावानिशी घेतला. फिरंग्यांबरोबर आलेला, म्हणून फिरंगरोग, म्हणजे उपदंश. त्यावर चोपचिनी हे चीनहून येणारे मूळ सांगितले. हे मूळ गोव्यात आले तेव्हा ओर्ताही ते वापरत होता आणि त्यावर त्याचा एक पूर्ण संवाद आहे. चरक-सुश्रुतात नसलेला रोग ग्रंथात घेणे, ही लहान गोष्ट नाही. फरक पडला तो इतकाच, की भावमिश्राने नवे जुन्याच्या शेजारी आणून ठेवले. जुने चुकले, असे म्हणायची गरज त्याला वाटली नाही. ओर्ताने ते म्हटले. आणि जे म्हटले ते छापले. छापल्यामुळे ते दुसऱ्या कोणाला तरी खोडून काढता आले, पांढऱ्या मिरीसकट.

ते काम युरोपात झाले. शार्ल द लेक्लूझ, लॅटिन नावाने क्लुसियस, हा वनस्पतिशास्त्रज्ञ १५६४ मध्ये स्पेन-पोर्तुगालच्या प्रवासाला गेला होता. तिथे त्याच्या हाती हे पुस्तक पडले. त्याची टिपणांनी भरलेली प्रत आज केंब्रिजच्या विद्यापीठात आहे. १५६७ मध्ये त्याने अँटवर्पला त्याचा लॅटिन संक्षेप छापला. संवाद गेले, अंतोनिया गेली, हिंगाचा घोडा गेला. उरली ती द्रव्यांची वर्णने आणि सोबत नवी चित्रे. विद्वानांना हवे होते तेवढेच. या संक्षेपाच्या आवृत्तीमागून आवृत्ती निघाली, इटालियन आणि फ्रेंच भाषांतरे झाली. युरोपातल्या बहुतेक वाचकांना ओर्ता ठाऊक झाला तो असा, आवाज काढून घेतलेला.

आणि गोव्यात? १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशन सुरू झाले होते. ओर्ता १५६८ मध्ये वारला, आपल्या अंथरुणावर, मानाने. त्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला पकडण्यात आले. चौकशीत असे निघाले की हे सगळे कुटुंब, गार्सियासुद्धा, आतून ज्यू धर्मच पाळत होते. २५ ऑक्टोबर १५६९ रोजी कातारिनाला गोव्यात जाळण्यात आले. गार्सिया हाती लागण्यापलीकडे गेला होता, पण सोडला नाही. १५८० च्या डिसेंबरात त्याची हाडे थडग्यातून उकरून काढली आणि जाळली. आदल्याच वर्षी अँटवर्पला क्लुसियसने त्याच्या पुस्तकाची तिसरी आवृत्ती काढली होती.

गॅलिलिओची आठवण इथे आल्याशिवाय राहत नाही. त्यानेही १६३२ मध्ये लॅटिन सोडून इटालियनमध्ये लिहिले, तेही संवादरूपाने, तिथेही ग्रंथ पाठ असलेला एक भाबडा पंडित आहे. त्याचेही पुस्तक आधी परवानगी घेऊन छापले आणि पुढच्या वर्षी त्याला धर्मन्यायालयापुढे गुडघे टेकावे लागले. पण एक भेद आहे. गॅलिलिओला शिक्षा झाली ती त्याच्या विचारांसाठी. ओर्ताच्या पुस्तकात इन्क्विझिशनला काहीच खटकले नव्हते. त्यांनी ते तपासून सोडले होते. गेलन चुकला म्हटले तर चालत होते. त्याला शिक्षा झाली ती तो कोण होता यासाठी. तीस वर्षे ज्याने लोकांना सांगितले की कोणी सांगितले ते बघू नका, काय दिसते ते बघा, त्याला स्वतःच्या घरात काय चालते ते कोणाला दिसू न देण्यासाठी उभा जन्म घालवावा लागला. पुस्तकात धर्माविषयी तो अतिशय जपून बोलतो. आता ते संवाद वाचताना त्याच्या गप्पांमधल्या त्या गप्प जागा ऐकू येतात.

आज पणजीच्या नगरपालिकेच्या बागेला त्याचे नाव आहे. मुंबईत मात्र नाव सांगणारे काही नाही.

ओर्ताच्या पुस्तकाबद्दल माझी एक तक्रार आहे, ती सांगून टाकतो. त्याला माहिती देणारी माणसे बहुतेक निनावी आहेत. एक हकीम, एक ब्राह्मण, एक गुजराती वाणी, अशी ती येतात आणि जातात. मालूपा नावाच्या एका हिंदू वैद्याचा उल्लेख तेवढा नावाने आढळतो. ज्यांनी झाड दाखवले त्यांची नावे पुस्तकात यायला आणखी शंभर वर्षे जावी लागली. कोचीनचा डच कमांडर व्हान ऱ्हेडे याने मलबारच्या वनस्पतींवर ‘होर्तुस मलाबारिकुस’ हा बारा खंडांचा ग्रंथ करवून घेतला. त्याचा पहिला खंड १६७८ मध्ये ॲम्स्टरडॅमला छापला. त्यात सुरुवातीलाच माहिती देणाऱ्यांची प्रमाणपत्रे जशीच्या तशी कोरून छापली आहेत. इट्टी अच्युतन या केरळी वैद्याचे त्याच्या लिपीत. आणि दुसरे, २० एप्रिल १६७५ चे, कोकणी भाषेत, नागरी अक्षरांत. आपण रोज सकाळ-संध्याकाळ मदतनीसांनी आणलेल्या वनस्पती पाहून, नावे आणि गुण सांगून हे काम केले, अशा आशयाचे. खाली तीन कोकणी वैद्यांची नावे आहेत: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. त्यांचे पूर्वज गोव्यातून, पोर्तुगीजांच्या धर्मजाचामुळे, कोचीनला गेलेले होते.